बागेपासून एक गल्ली आत

जळगावात घर भाड्यानं घ्यायचं ठरलं तेव्हा आमच्या घरातल्या चौघांच्या चार अटी होत्या. मला ऑफिसच्या जवळ हवं होतं, कारण अमळनेरहून रेल्वेनं अप-डाऊन करून पाठ कामातून गेली होती. लेक दहावीत जाणार, तिला क्लासला सायकलनं जाता-येता आलं पाहिजे. बायकोचं म्हणणं, खोल्या दोन हव्यात, कारण दहावीचा अभ्यास आणि मायचा रेडिओ एका खोलीत नांदत नाहीत. मायची अट खरं तर डॉक्टरांची होती. साखर वाढलेली, गुडघे कुरकुरणारे. रोज अर्धा-पाऊण तास सपाट जागेवर चाला, असं त्यांनी बजावून सांगितलं होतं. अमळनेरच्या आमच्या गल्लीत सपाट जागा म्हणजे गटारीवरची फरशी. त्यावर आधीच कुणाची तरी मोटारसायकल उभी असते. म्हणून ठरलं, घर बागेजवळ बघायचं.

जळगावात बागेजवळ म्हटलं की तीन-चार ठिकाणं डोळ्यांसमोर येतात. मेहरूण तलावाचा परिसर चालायला मोकळा, हवा तर विचारूच नका. मेहरूणची बोरं लहानपणापासून खात आलोय, त्यामुळे त्या भागाबद्दल मनात आधीच माया. पण तिथून लेकीचे क्लास लांब पडत होते. बहिणाबाई उद्यान आणि महात्मा गांधी उद्यान ही दोन्ही गावाच्या मध्यवस्तीतली. तिथं आजूबाजूला घरं जुनी, चांगली, पण रिकामी क्वचितच होतात, आणि झाली तर बोर्ड लागायच्या आत ओळखीत जातात. शेवटी आमचा शोध महाबळ रस्त्याकडे वळला, काव्यरत्नावली चौकातल्या भाऊंच्या उद्यानाच्या आसपास. भाऊ म्हणजे ठिबक सिंचनवाले भवरलाल जैन. पायाखाली सपाट वाट, बसायला जागा, वर सावली, आणि संध्याकाळी मायच्या वयाच्या बायका घोळक्यानं येतात. तिला पहिल्याच दिवशी पारोळ्याकडची एक बाई भेटली आणि दोघींचं अहिराणीत सुरू झालं. माझ्या दृष्टीनं अर्धा निर्णय तिथंच झाला.

एका संध्याकाळी एजंटची वाट बघत त्या चौकात उभे होतो. लेकीनं विचारलं, चौकाला असं नाव कसं? सांगितलं तिला. जळगावातून नारायण नरसिंह फडणीसांनी १८८७ साली फक्त कवितांसाठी एक मासिक सुरू केलं होतं, त्याचं हे नाव. १९०७ साली इथंच कविसंमेलन भरलं आणि धरणगावच्या ठोंबऱ्यांच्या सतरा वर्षांच्या पोराला लोकांनी बालकवी म्हणून डोक्यावर घेतलं. धरणगाव आमच्या गाडीच्या वाटेवरचं स्टेशन, त्यामुळे तिला ते जास्त पटलं. तेवढ्यात एजंट आला. त्यानं पहिला प्रश्न केला, “आपण कोणते पाटील?”

हा प्रश्न पुढंही ठिकठिकाणी आला. कधी सरळ, कधी आडून. “गाव कोणतं, पाहुणे कुठले” असं करत करत माणूस मूळ मुद्द्यावर येतो. मग दुसरा प्रश्न, नॉनव्हेज चालतं का. आमच्याकडे माय खात नाही, आम्ही खातो. मी तसंच सांगून टाकायचो. दोन ठिकाणी तिथल्या तिथं नाही म्हणाले, एका ठिकाणी “बाहेर खाऊन या, घरात शिजवू नका” अशी सवलत मिळाली. आपल्या घरात कोण राहील हे मालक ठरवणार, एवढं मान्य. पण भाडं वेळेवर देतो का, आधीचं घर कसं सोडलं, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

एजंटनं जे पहिलं घर दाखवलं ते अगदी बागेच्या तोंडावर. दुसरा मजला, त्यावर गच्ची, दोन बेडरूम, मोठी गॅलरी. गॅलरीत उभं राहिलं की समोर नुसती हिरवळ. भाडं १३,५००, अनामत ५०,०००, एजंटचं एक महिन्याचं भाडं वेगळं. मागच्या बाजूचे तसलेच फ्लॅट नऊ-दहा हजारांत जात होते, म्हणजे वरचे साडेतीन-साडेचार हजार नुसत्या देखाव्याचे. बायको गॅलरीतून हलेना. एजंटनं तिच्याकडे बघून भाव ताठ केला, हे मला दिसत होतं.

आम्ही ते घर पाहिलं तेव्हा संध्याकाळ होती. संध्याकाळी खान्देशातलं कुठलंही घर बरं वाटतं. मी एजंटला म्हटलं, उद्या दुपारी तीन वाजता परत दाखव. तो म्हणाला, तीनला कोण घर बघतं? म्हटलं, राहायचं तर तीनलाही तिथंच आहे ना.

एप्रिल संपत आलेला. दुसऱ्या दिवशी तीनला आत पाऊल टाकलं आणि काय ते कळलं. गॅलरी पश्चिमेची, बेडरूमची भिंत पश्चिमेची आणि डोक्यावर थेट स्लॅब. हात लावला तर भिंत तव्यासारखी तापलेली. बागेतली झाडं खाली आणि समोर, त्यांची सावली त्या भिंतीपर्यंत कुठून येणार? मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशीच्या पुढं जातो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री एक-दोनपर्यंत ती उष्णता खोलीत सोडत राहतो. गच्चीला चुना मारला, पांढरा रंग दिला तर फरक पडतो, पण तो खर्च कोण करणार, यावर एजंट हसला. माय तोवर गॅलरीत गेली, पदरानं वारा घेत बाहेर बघितलं आणि म्हणाली, “बगीचा दिखस, पन ऊन बी दिखस ना!” मग तिनं तिचा खरा प्रश्न काढला, “बिबडे कोठे घालसूत?”

बाहेरच्यांना यातलं गांभीर्य कळायचं नाही. आमच्याकडे मार्च-एप्रिल-मे म्हणजे उन्हाळी कामं: बिबडे, कुरडया, पापड, शेवया. ज्वारीचे बिबडे घालायला भरपूर ऊन आणि सपाट गच्ची लागते, आणि गच्चीची किल्ली लागते. अपार्टमेंटमध्ये बहुतेक ठिकाणी गच्चीला कुलूप असतं, किल्ली एका कुणाकडे तरी, आणि त्या माणसाशी आपलं पटेल की नाही यावर वर्षाचे बिबडे अवलंबून. या घराच्या मालकाचा निरोप आला: गच्ची भाडेकरूंना नाही. मग मायच्या लेखी तो विषय संपला.

कुलरचंही तसंच. इकडे घर बघताना खिडक्या मोजतात ते कुलरसाठी. कुलर बाहेरची कोरडी हवा ओढतो, म्हणून तो खिडकीबाहेर बसवावा लागतो. त्याला लोखंडी स्टँड लागतो, जवळ नळ लागतो, आणि खोलीत आलेली ओली हवा बाहेर जायला समोर दुसरी खिडकी उघडी लागते. त्या घरात मोठ्या गॅलरीला काचा बसवलेल्या होत्या, दिसायला सुरेख, कुलरला मात्र जागाच नव्हती. एजंट म्हणाला, एसी लावा. दीड टनाचा एसी सलग चालवला तर तासाला सव्वा-दीड युनिट खातो, कुलर त्याच्या पाव भागही खात नाही. महावितरणच्या घरगुती बिलात शंभर युनिटपर्यंत एक दर, मग तीनशेपर्यंत दुसरा, मग पाचशेपर्यंत तिसरा, अशा चढत्या पायऱ्या असतात. एसीवाल्या घराचं बिल मे महिन्यात कोणत्या पायरीवर जाऊन बसतं ते सांगायला नको. १३,५०० चं भाडं उन्हाळ्यात सोळा-सतरा हजारांना पडणार होतं. बायकोला हा हिशेब रात्री कागदावर मांडून दाखवला. ती म्हणाली, “गॅलरी छान होती हो,” आणि पान उलटलं.

मधली काही घरं पटापट सांगतो. एक तळमजल्याचं, भिंतीला कंबरेपर्यंत ओल, वर ताजा रंग. ताजा रंग फक्त खालच्या तीन फुटांना असेल तर काय समजायचं ते समजावं. एक तिसऱ्या मजल्याचं, लिफ्ट आहे म्हणून सांगितलेलं. लिफ्ट होती, पण बंद, आणि ती कधी सुरू होईल याबद्दल वॉचमन सोडून सगळे आशावादी. एका ठिकाणी विजेचं मीटर वेगळं नव्हतं, मालक सबमीटरवर युनिटमागे स्वतःच्या मनाचा दर लावणार होता. तिथं मी चहाही घेतला नाही.

शेवटी घर मिळवून दिलं इस्त्रीवाल्यानं. बागेमागच्या गल्लीत निंबाच्या झाडाखाली त्याची टपरी. कुणाचे कपडे यायचे बंद झाले, कोणाची बदली झाली, कोणतं घर पहिल्या तारखेला रिकामं होतंय, हे त्याला एजंटच्या आधी कळतं. मी शर्ट इस्त्रीला दिला आणि सहज विषय काढला. त्यानं समोरच्या इमारतीकडे इस्त्री दाखवून म्हटलं, “पहिल्या माळ्यावर सरांचा आहे. बोर्ड लावत नाहीत ते, माणूस बघून देतात.”

सर म्हणजे यावलकडच्या एका शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, ते आणि काकू दोन गल्ल्या पलीकडे स्वतःच्या घरात राहतात. मुलगा पुण्याला. फ्लॅट पहिल्या मजल्यावर, खाली पार्किंग, वर अजून दोन मजले, म्हणजे तापलेला स्लॅब आमच्या डोक्यावर नाही. हॉल पूर्वेला, पश्चिमेला फक्त स्वयंपाकघराची छोटी खिडकी आणि बाथरूम. हॉलच्या खिडकीला आधीच्या भाडेकरूनं ठेवलेला कुलरचा स्टँड. गॅलरी एवढीशी, तिथून दिसतं काय तर समोरच्यांचं वाळत घातलेलं धुणं. आणि चालत बाग? मायच्या पावलांनी सुद्धा पाच मिनिटं. दुपारी तीनलाच गेलो होतो; पंखा लावून बसलो, घाम पुसत पण शुद्धीवर होतो. माझ्यासाठी परीक्षा तेवढीच होती.

पाण्याचं मात्र नीट विचारून घेतलं. जळगावला वाघूर धरणाचं पाणी येतं आणि नळ रोज येत नाहीत. आज नळ की उद्या, यावरच इथं घराघरात दिवस ठरतो. म्हणून विचारायचं ते हे: खालची टाकी केवढी, वरची केवढी, मोटर कोण चालू करतं, बोअर आहे का, असेल तर उन्हाळ्यात टिकते का. या इमारतीत खाली मोठी टाकी, बोअरचं पाणी वापरायला, नळाचं प्यायला, आणि दोन्हीला वेगळ्या तोट्या. कुलर दिवसाला बादल्याच्या बादल्या पाणी पितो, त्यासाठी बोअर लागतेच. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दाराशीच सांगितलं, मोटरची पाळी आठवड्याला एकेका घराची. ही माहिती मालकाकडून कळत नाही, शेजाऱ्याकडूनच काढावी लागते. गच्चीची किल्ली कुणाकडे? त्यांच्याचकडे. माय त्यांच्या शेजारी जिन्यातच बसली आणि दोघींनी बिबड्यांपासून डुबुकवड्यांपर्यंत मजल मारली. किल्लीचा प्रश्न मला विचारावाच लागला नाही.

भाडं सरांनी ९,५०० सांगितलं, मी ८,५०० म्हटलं, ९,००० वर दोघांनाही बरं वाटलं. अनामत ३०,०००. महिन्याचा मेंटेनन्स ४००, तो आमच्याकडे, हे तोंडी ठरलं आणि पुढं कागदावरही घेतलं. एजंट मध्ये नसल्यानं एक महिन्याचं भाडं वाचलं. इस्त्रीवाल्याला ५०० दिले, तो नको नको म्हणत शर्टाचे पैसे मात्र वेगळे मोजून घेऊन मोकळा झाला.

खरी चर्चा झाली ती करारावर. सर म्हणाले, “शंभरच्या स्टॅम्पवर अकरा महिन्यांचं लिहू, नोटरी करू, झालं. रजिस्टर-फिजिस्टरच्या भानगडीत मले नका पाडू.” त्यांच्या मनात जुनी भीती होती. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या काळात बाजारपेठेतली दुकानं आणि वाड्यातल्या खोल्या पिढ्यान्‌पिढ्या नाममात्र भाड्यावर अडकून पडल्या, आणि त्या गोष्टी आपल्याकडे घराघरात सांगितल्या जातात. सरांचा समज असा, की कागद सरकारदरबारी नोंदवला की भाडेकरू पक्का होतो आणि नोटरीच्या कागदावर राहिला तर कच्चा राहतो.

परिस्थिती नेमकी उलटी आहे. मी त्यांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मधली दोन कलमं मोबाइलवर काढून दाखवली. कलम ५५ म्हणतं, भाडेकरार लेखी हवा आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं, नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. हे वाचल्यावर सर खुर्चीत पुढं सरकले. मग कलम २४: लिव्ह अँड लायसन्सनं, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवान्यावर, राहायला दिलेल्या घराची मुदत संपली आणि माणूस हलला नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन घर परत घेता येतं, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दरानं भरपाई मागता येते. मी म्हटलं, “सर, हा कागद माझ्यापेक्षा तुमच्या कामाचा आहे.” त्यांनी चष्मा पुसून कलम पुन्हा वाचलं, मोठ्यानं, वर्गात वाचावं तसं.

माझाही त्यात स्वार्थ होता. आधारवरचा पत्ता बदलायला नोंदणीकृत करार चालतो, आणि अनामत परत घ्यायच्या वेळी लिहिलेलं उपयोगी पडतं. अकरा महिन्यांची प्रथा आली ती १९०८ च्या नोंदणी कायद्यामुळे. वर्षाच्या वरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून लोक अकरा महिन्यांवर थांबायला लागले. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्यानंतर ती पळवाट राहिली नाही. सवय राहिली.

खर्चाची भीतीही कागदावर घालवली. मुद्रांक शुल्क पाव टक्का. धरायचं काय, तर अकरा महिन्यांचं भाडं ९९,००० आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला दहा टक्क्यांनी काढलेलं व्याज, ते अकरा महिन्यांचं २,७५०. बेरीज १,०१,७५०, तिचा पाव टक्का अडीचशेच्या थोडं वर. आकडा वरच्या शंभराला नेला तरी तीनशे. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००. करार करून देणाऱ्याची मजुरी वेगळी. सगळं अर्धं-अर्धं वाटून घेतलं.

करार करून देणारा मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन सरांच्या घरी आला. दुय्यम निबंधक कार्यालयात जावं लागत नाही, दोन्ही पक्ष आणि दोन साक्षीदार आधारवर बोटं देतात की झालं, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्यानं घरपट्टीची पावती आणि फ्लॅटचं इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, मागितलं. ते उघडलं तर मालक दोघं निघाले, सर आणि काकू. काकू तोवर आत चहा करत होत्या. त्यांना बोलावलं, म्हणाल्या, “माझं नाव आहे त्यात?” सर गप्प. काकूंचा चेहरा मात्र खुलला. त्यानंतर चहात साखर जास्त पडली असं माझं मत.

माझं बोट लगेच उमटलं. काकूंचं काही केल्या उमटेना. भांडी, भाकरी, कळण्याचं पीठ यात रेषा झिजलेल्या. सरांचं त्याहून वाईट, चाळीस वर्षं खडू धरलेली बोटं. अंगठा झाला, तर्जनी झाली, मशीन दर वेळी लाल. मुलगा म्हणाला, हात गार पाण्यानं धुऊन या, कोरडे पडलेत. धुतल्यावर काकूंचा अंगठा लागला. सरांची शेवटी डाव्या हाताची अनामिका चालली. कोणतंही बोट चालतं, हे त्यांना कळल्यावर ते म्हणाले, “मग आधीच दहाही विचारायची ना भो.”

अटींवर मी थोडा वेळ घेतला. मुलाकडे तयार मसुदा होता. त्यात घर सोडताना रंगाचे पैसे अनामतीतून कापण्याचं वाक्य होतं. मी ते काढायला लावून त्याऐवजी ‘नेहमीच्या वापरानं झालेली झीज सोडून इतर नुकसान’ असं लिहून घेतलं. नोटीस दोन्ही बाजूंनी एक महिन्याची. अनामत किल्ली देताना त्याच वेळी परत, ‘नंतर बघू’ नाही. घरात काय काय आहे त्याची यादी: पंखे, ट्यूब, गिझर, कुलरचा स्टँड. वीजमीटरचं रीडिंग किल्ली घेतली त्या दिवशीचं, फोटोसकट दोघांच्या मोबाइलवर. आधीच्या बिलाची थकबाकी नाही ना, ते ग्राहक क्रमांक टाकून आधीच बघितलं होतं. तुंबलेली मोरी आणि फुटलेली टाइलही फोटोत घेतली. सरांना ते आवडलं, म्हणाले, “हजेरी घेतल्यासारखं झालं.” पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची ती त्यांच्या नातवानं पुण्याहून ऑनलाइन भरून दिली.

सामान छोटा हत्तीच्या दोन फेऱ्यांत आलं. मायचा पाटा-वरवंटा आणायचा नाही असं ठरलं होतं. तो पहिल्या फेरीत, सगळ्यांच्या आधी चढलेला होता. गॅसवर दूध उतू घातलं, बस्स.

आता वर्ष होत आलंय, तेव्हा थोडं बागेजवळ राहण्याबद्दल. सकाळची बाग आणि संध्याकाळची बाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सकाळी चालणारे येतात, बोलत नाहीत, घड्याळ बघतात. संध्याकाळी, त्यातून रविवारी, सगळं जळगाव पोरंबाळं घेऊन उतरतं. बागेच्या तोंडावरच्या रस्त्याला गाड्यांची रांग, खाण्याच्या गाड्यांवर गर्दी, आणि कार्यक्रम असला की लाउडस्पीकर. दहावीच्या पोरीला हे पुढच्या फ्लॅटमध्ये सोसलं नसतं. आमच्या गल्लीत त्यातलं फक्त दूरवरचं गाणं येतं, तेही वाऱ्याची दिशा तशी असली तर. मे महिन्यात संध्याकाळी साडेसातनंतर पाणी मारलेल्या हिरवळीवरून जी गार हवा येते ती मात्र गल्लीच्या तोंडापर्यंत खरंच पोहोचते. मी कल्पना म्हणून सांगत नाही, तिथं माणसं खुर्च्या टाकून बसतात.

माय रोज चालते. डॉक्टरांनी सांगितलेला पाऊण तास ती पाळते, पण त्यातला बराचसा वेळ बाकावर जातो, कारण पारोळेवाल्या बाईंच्या सुनेचं प्रकरण अजून मिटलेलं नाही. तरी साखर खाली आली आहे. बिबडे गच्चीवर झाले, वरच्या काकूंचे आणि आमचे एकत्र, आणि राखण करायला लेकीला पुस्तक देऊन जिन्याच्या सावलीत बसवलं. विजेचं बिल मे महिन्यात तीनशेच्या पायरीखाली राहिलं. बायकोनं ते फ्रिजवर लावून ठेवलंय.

मधे त्याच एजंटचा फोन आला होता. बागेसमोरचा तो फ्लॅट परत रिकामा झालाय, आता चौदा सांगतात, तुम्हाला बघायचा होता ना? मी विचारलं, गच्चीची किल्ली देतात का. त्यानं विचारून सांगतो म्हणून फोन ठेवला.

आमचा करार पुढच्या महिन्यात संपतो. सर ९,६०० म्हणताहेत, मी ९,४०० वर अडलोय, आणि काकू मध्ये बोलून साडेनऊवर आणतील असा रंग दिसतो. अंगठेवाल्या मुलाला या वेळी सकाळीच बोलावणार आहे, आणि सरांना आधीच सांगून ठेवलंय, हात धुऊन बसा, डावी अनामिका.